सर्व्हर फुकट, शिफ्टिंगचा खर्च वेगळा

गेल्या रविवारी सकाळी मुलुंडहून मावसभावाचा फोन आला. त्याची सहा जणांची कंपनी आहे, पतपेढ्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितात.

"दादा, ईजेबी चालवायला ओपन सोर्स ॲप्लिकेशन सर्व्हर घ्यायचाय. वाइल्डफ्लाय, पायारा की टॉमईई? सगळ्यात फास्ट कुठला?"

म्हटलं, फास्टचं नंतर बघू. आधी सांग, सर्व्हर बंद पडला तर काय करशील?

"रीस्टार्ट मारीन."

अरे तसा बंद नाही. बनवणाऱ्यांनीच दुकान बंद केलं तर?

त्याला वाटलं दादा उगाच अपशकुन करतोय. म्हणून आज हे सविस्तर लिहायला बसलो.

जरा इतिहास आठवा. १९९९ साली मार्क फ्लरीने 'ईजेबॉस' सुरू केला. 'ईजेबी' हे नाव सनचं, त्यामुळे पहिलं अक्षर गाळून तो 'जेबॉस' झाला. २००६ मध्ये रेड हॅटने जेबॉस विकत घेतलं. २०१९ मध्ये खुद्द रेड हॅटच आयबीएमकडे गेली. मधल्या काळात, २०१४ मध्ये, फुकट मिळणाऱ्या आवृत्तीचं नाव वाइल्डफ्लाय झालं.

ग्लासफिशचीही तीच कथा. सनने २००५ मध्ये तो खुला केला, २०१० मध्ये सन ओरॅकलकडे गेली, आणि २०१३ मध्ये ओरॅकलने सांगून टाकलं की पुढच्या आवृत्त्यांना पैसे देऊनही सपोर्ट मिळणार नाही. त्याच कोडमधून पुढे पायारा निघाला. आणि अपाचे जेरोनिमो? एके काळी आयबीएमने त्याच्यावर स्वतःचा सर्व्हर उभा केला होता. २०१३ नंतर जेरोनिमो सर्व्हरची नवी आवृत्तीच आली नाही.

म्हणजे बघा, मोठ्या नावाच्या, नावाजलेल्या लोकांनी लिहिलेल्या तीन सर्व्हरपैकी एकही पहिल्या मालकाकडे, पहिल्या नावाने, पहिल्या अटींवर राहिलेला नाही. यात कुणाची बदमाशी नाही. हे असंच चालतं.

आमची बोरिवलीची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली तेव्हाची गोष्ट. ज्यांची कपाटं सुटी होती त्यांनी टेम्पो बोलावला आणि दोन दिवसांत भाड्याच्या घरी गेले. आम्ही मात्र हौसेने भिंतीत वॉर्डरोब बसवून घेतला होता. तो तिथेच राहिला.

सॉफ्टवेअरमध्ये हा वॉर्डरोब मी एकदा स्वतःच्या हाताने ठोकलाय. अंधेरीत सीप्झच्या जवळ नोकरीला होतो तेव्हा. ईजेबी २चा जमाना, एका बीनसाठी होम इंटरफेस, रिमोट इंटरफेस, बीन क्लास आणि वर डिस्क्रिप्टर. स्टँडर्ड डिस्क्रिप्टर कमी पडला की आम्ही सर्व्हरच्या खास एक्सएमएलमध्ये घुसायचो. बीन शोधायची जेएनडीआय नावंसुद्धा त्या सर्व्हरच्या पद्धतीने थेट कोडमध्ये लिहिलेली. पुढे सर्व्हर बदलायची वेळ आली. बिझनेस लॉजिकची एक ओळ बदलायची नव्हती, तरी सहा शनिवार-रविवार गेले. त्यात रात्रीचं व्याज काढणारं एक काम नव्या सर्व्हरवर दोनदा चाललं, कारण ट्रान्झॅक्शनची एक सेटिंग जुन्या खास फाइलमध्येच राहून गेली होती. सकाळी क्लायंटच्या काउंटरवर पासबुक घेऊन लोक उभे. चूक सर्व्हरची नव्हती, आमची होती.

आता परिस्थिती पुष्कळ बरी आहे. २००६ मध्ये ईजेबी ३ आलं आणि ॲनोटेशन्समुळे निम्मं एक्सएमएल गेलं. २००९ मध्ये ईजेबी ३.१ने जेएनडीआयची नावं सगळ्या सर्व्हरसाठी सारखी ठरवून दिली. पण घरबदल संपलेला नाही. ओरॅकलने जावा ईई एक्लिप्स फाउंडेशनला दिल्यावर त्याचं जकार्ता ईई झालं, आणि २०२० च्या आवृत्तीत पॅकेजचं नाव 'जावाएक्स'चं 'जकार्ता' झालं. वाइल्डफ्लायने २०२२ मध्ये २७व्या आवृत्तीपासून तेच धरलं. म्हणजे सर्व्हर तोच ठेवलात तरी इम्पोर्ट बदलावे लागतातच.

मावसभावाला मी शेवटी तीन गोष्टी सांगितल्या.

एक, आधी गरज बघ. फक्त वेब आणि लोकल सेशन बीन्स असतील तर टॉमईईचा वेब प्रोफाइल पुरतो. मेसेज-ड्रिव्हन बीन्स आणि रिमोट कॉल लागत असतील तर वाइल्डफ्लाय किंवा पायारासारखा पूर्ण सर्व्हर घे. नुसता टॉमकॅट म्हणजे ईजेबी कंटेनर नव्हे, हे तुझ्या पोरांना सांग.

दोन, फुकट म्हणजे काय ते नीट वाच. वाइल्डफ्लायच्या नव्या आवृत्त्या दर काही महिन्यांनी येतात आणि जुन्यांना वर्षानुवर्षं सिक्युरिटी पॅच मिळत नाहीत. एक तर अपग्रेड करत राहा, नाहीतर जेबॉस ईएपीसारख्या सपोर्टवाल्या आवृत्तीचे पैसे मोज. तिसरा रस्ता म्हणजे जुनाच सर्व्हर पॅचशिवाय चालवणं. तो बहुतेक जण घेतात, आणि तो लोकांच्या ठेवींवर घेतलेला जुगार आहे.

तीन, आणि माझ्या मते हीच खरी परीक्षा. सर्व्हर पक्का करायच्या आधी तुझं ॲप्लिकेशन दुसऱ्या एका सर्व्हरवर चालवून दाखव. पूर्ण नको, एक खातं उघड, पैसे भर, रात्रीचं व्याज काढ. मग दर सहा महिन्यांनी तेच परत कर. जिथे अडकशील तिथे भिंतीतला वॉर्डरोब आहे असं समज. एखादा ठेवावाच लागला तर ठेव, पण किती आहेत हे तुला माहीत पाहिजे.

"मग फास्ट कुठला ते सांगितलंच नाहीस," तो म्हणाला.

खरंय. पतपेढीच्या गर्दीला यातला कुठलाही पुरेल. त्याचा वेळ तसाही बहुतेक डेटाबेसमध्येच जाणार आहे. बेंचमार्कवर आठवडा घालवण्यापेक्षा तो आठवडा दुसऱ्या सर्व्हरवर ॲप्लिकेशन चढवण्यात घालवावा, असं माझं प्रामाणिक मत आहे.

काल त्याचा मेसेज आला. वाइल्डफ्लाय घेतलाय, आणि पायारावर चालवून बघताना चार वॉर्डरोब सापडले. दोन काढले, दोन ठेवलेत, आणि ते कुठे आहेत ते कागदावर लिहून भिंतीला चिकटवलंय.

शिकला म्हणायचा.