उरलेली कूपने

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात अ‍ॅनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी डिस्नीलँड सुरू झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून तेथे तिकिटांच्या छोट्या पुस्तिका मिळू लागल्या. पुस्तिकेत निरनिराळ्या खेळांची कूपने असत आणि त्यांवर इंग्रजी अक्षरे छापलेली असत. प्रारंभी ए, बी व सी अशा तीनच श्रेणी होत्या. १९५६ मध्ये डी आली. १९५९ मध्ये मॅटरहॉर्न पर्वताच्या प्रतिकृतीतून धावणारी गाडी, पाणबुडी आणि मोनोरेल सुरू झाली, तेव्हा ई श्रेणी निघाली. ए कूपनावर मुख्य रस्त्यावरून घोड्यांच्या ट्राममध्ये बसता येई. ई कूपनावर मात्र ज्यासाठी मुले हट्ट धरीत ते सारे. ‘ई तिकीट’ हा शब्द पुढे अमेरिकन बोलीत ‘सर्वांत थरारक अनुभव’ या अर्थाने रुळला. अंतराळात जाणाऱ्या पहिल्या अमेरिकन स्त्री सॅली राइड यांनी १९८३ मधील आपल्या उड्डाणाला हेच विशेषण लावले होते.

परिणाम उघडच होता. दिवस मावळेपर्यंत ई कूपने संपत आणि ए-बी तशीच राहत. पैसे दिलेले, तेव्हा टाकवत नसत. ‘पुढच्या वेळी वापरू’ म्हणून ती पाकिटात, मग खणात, मग एखाद्या बिस्किटांच्या डब्यात जात. १९८२ मध्ये ही पद्धत बंद होऊन दिवसभराचे एकच तिकीट आले आणि पुढची वेळ राहूनच गेली. जुन्या उद्यानांची तिकिटे, नकाशे, नाव शिवलेल्या उंदराच्या कानांच्या टोप्या जमवणाऱ्यांचा आज मोठा वर्ग आहे. त्यांच्या हाती येणारे पुष्कळसे साहित्य अशाच डब्यांतून बाहेर पडलेले असते.

या स्तंभात हा विषय घेण्याचे कारण वयाशी निगडित आहे. १९५५ च्या आसपास ज्यांनी वडिलांचे बोट धरून त्या फाटकातून प्रवेश केला, ती मुले आज ऐंशीच्या घरात आहेत. आपल्याकडच्या वाचकांनाही हे परके नाही. अमेरिकेने १९६५ मध्ये स्थलांतराचा कायदा बदलला. त्यानंतर जी मराठी कुटुंबे तिकडे स्थायिक झाली, त्यांतील काहींची मुले या कूपनांच्याच काळात लहान होती. ती पहिली पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. घर आवरायला आलेल्या मुलाच्या किंवा सुनेच्या हाती तो डबा लागतो तेव्हा प्रश्न उभा राहतो : हा कचरा की ठेवा?

माझ्या मते उत्तर देण्याची घाई करू नये. आधी तो डबा ज्यांचा आहे त्यांच्यासमोर उघडावा.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये एक महत्त्वाचा विचार मांडला. म्हातारपणी मागे वळून पाहणे हे मेंदू थकल्याचे लक्षण नसून, आयुष्याचा हिशेब लावण्याची ती स्वाभाविक क्रिया आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यातून पुढे स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी जुन्या वस्तू, छायाचित्रे व संगीत यांच्या साहाय्याने गप्पा घडवून आणण्याची पद्धत विकसित झाली. तिचा गवगवा जितका होतो तितका तिचा गुण नाही, हेही सांगितले पाहिजे. २२ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये कॉक्रेन या संस्थेने प्रसिद्ध केला. त्यात मनःस्थिती, संवाद आणि जीवनमान यांवरील परिणाम लहान व सर्वत्र सारखा न दिसणारा आढळला. हे औषध नव्हे. पण ज्या घरात दिवसभराचे बोलणे ‘गोळी घेतली का’ आणि ‘जेवलात का’ एवढ्यावर येऊन ठेपले आहे, तेथे लहान परिणामही मोलाचा असतो.

वस्तू पुढे ठेवण्याची रीत मात्र सांभाळावी लागते. ‘बाबा, आठवतंय का?’ हा प्रश्न म्हणजे तोंडी परीक्षा आहे. उत्तर सापडले नाही की माणूस ओशाळतो आणि डबा बाजूला सारतो. त्याऐवजी कूपन हातात द्यावे आणि नुसते म्हणावे, ‘बाबा, ही घोडागाडीची तिकिटं तशीच राहिली.’ मग थांबावे. वृद्ध मनाला शब्दांपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. आपण ती शांतता भरून काढली की आठवण मध्येच तुटते. चष्मा लावलेला असावा, कानयंत्र चालू असावे, खिडकीचा उजेड कागदावर पडावा. पंधरा-वीस मिनिटे पुरे झाली.

येथे संग्राहकाची नजर आणि शुश्रूषा करणाऱ्याची नजर वेगळ्या होतात. संग्राहकाला छपाईचा काळ हवा असतो आणि तो त्याला कूपनावरून ताडता येतो. ई कूपन १९५९ च्या आधीचे असूच शकत नाही. आता आजी सांगू लागल्या की आम्ही १९५७ मध्ये त्या बर्फाच्या डोंगरावर गेलो होतो, धाकट्या भावाची टोपी उडाली आणि तो रडला. डोंगर १९५७ मध्ये नव्हता. पण टोपी बहुधा उडालीच असेल आणि भाऊ रडला असेल. सालाची दुरुस्ती करण्याने त्या भावाला परत टोपीशिवाय उभे करण्याखेरीज काही साधत नाही. साल हवेच असेल तर आपल्या वहीत लिहावे. आठवण दुःखद निघाली, डोळे भरून आले, तर तिकीट हातातून काढून घेऊ नये, जवळ बसावे. अस्वस्थता वाढत गेली तर मात्र विषय बदलावा आणि तो डबा पुन्हा पुढे करू नये.

जे सांगितले जाईल ते त्याच दिवशी टिपून ठेवावे. तिकिटावर लिहू नये; वेगळ्या कागदावर पेन्सिलीने कोण गेले होते, कोण गेले नाही, काय खाल्ले, परतताना कोण झोपले हे लिहून तो कागद तिकिटासोबत ठेवावा. न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंडला स्टीपलचेस पार्क १८९७ पासून १९६४ पर्यंत चालले. त्याचे हसऱ्या चेहऱ्याचे गोल तिकीट संग्राहकांना आजही भेटते. किती खेळ खेळले ते त्याच्या भोकांवरून कळते, पण कोण खेळले हे बहुतेकांच्या बाबतीत कायमचे गेले आहे.

कागद जपण्याविषयी थोडे. लॅमिनेशन करू नये. ती उष्णता आणि तो गोंद मागे घेता येत नाही. चिकटपट्टीने कागद पिवळा पडतो. पीव्हीसीच्या स्वस्त अल्बमपेक्षा पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात आम्लविरहित कागदावर तिकिटे ठेवावीत. हात स्वच्छ व कोरडे असले की हातमोज्यांची गरज नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, बुरशी लागतेच. बुरशी आलेला डबा दम्याच्या रुग्णाने उघडू नये. दुसऱ्याने मुखपट्टी बांधून गॅलरीत उघडावा. डांबरगोळ्या टाकण्याची आपली जुनी सवय येथे धोक्याची आहे. स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती किंवा लहान मूल ती गोळी पेपरमिंट समजून तोंडात घालू शकते.

स्मरणवस्तूंबाबतही सावध असावे. अमेरिकेत घरगुती रंग आणि खेळणी यांतील शिशावर १९७८ मध्ये बंदी आली. त्याआधीची रंगवलेली पत्र्याची खेळणी पतवंडांच्या हाती देऊ नयेत आणि रंगीत चित्रांच्या जुन्या पेल्यांतून सरबत पिऊ नये. ती शोकेसमध्येच शोभतात.

छंद कधी कधी आवरेनासा होतो. पलंगापासून न्हाणीघरापर्यंतची वाट खोक्यांनी अडली, तर पडून हाड मोडण्याची भीती मोठी. वस्तू काढू म्हटल्यावर जिवाची घालमेल होत असेल, तर तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. त्यांच्या अपरोक्ष डबा रद्दीत घालणे मात्र कोणत्याही कारणाने योग्य नाही. त्याचा धसका पुढे बराच काळ राहतो आणि मग रुमालसुद्धा उशीखाली लपवला जातो.

विकायचेच ठरले तर मालकाला विचारून, प्रत्येक वस्तूचे छायाचित्र काढून मग विकावे. एकही कूपन न फाडलेली पूर्ण पुस्तिका संग्राहकाला खुशाल द्यावी. सुटे ए कूपन घरी राहू द्यावे. बाजारात त्याला तसाही फारसा भाव नाही.