डॉक्टरांचा पुतळा विकत घेतला कोणी?

२०११ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या बर्मंडसी भागातून चोरांनी गरिबांचा एक डॉक्टर उचलून नेला. थेम्सच्या काठावर, बाकावर बसलेला डॉ. आल्फ्रेड साल्टर यांचा ब्राँझचा पुतळा एका रात्रीत नाहीसा झाला. समोर भिंतीला टेकून उभी असलेली त्यांची मुलगी जॉईस आणि भिंतीवरचे मांजर तेवढे मागे राहिले. डायान गॉर्विन यांनी १९९१ मध्ये घडवलेले हे शिल्प म्हणजे म्हाताऱ्या बापाला पडलेले स्वप्न होते. त्या स्वप्नातला बापच चोरांनी नेला, आणि उरलेली मुलगी व मांजर नगरपालिकेला कुलपात ठेवावी लागली!

कोण होता हा माणूस? गायज् हॉस्पिटलमध्ये शिकलेला बुद्धिमान डॉक्टर. श्रीमंत वस्तीत दवाखाना थाटून तो सुखाने जगला असता. त्याऐवजी १९०० साली त्याने बर्मंडसीच्या दाट, रोगट, गोदीकामगारांच्या वस्तीत दवाखाना उघडला. सहा पेन्स घेऊन तो औषध देई आणि ज्याच्याकडे तेवढेही नसत त्याच्याकडून काहीच घेत नसे. पत्नी एडा याच कामात होती. आपली मुलगीही शेजाऱ्यांच्या मुलांसारखीच, त्यांच्यातच वाढली पाहिजे, असा दोघांचा हट्ट होता. त्या हट्टाची किंमत त्यांनी मोजली. १९१० साली, आठ वर्षांची जॉईस त्याच वस्तीत पसरलेल्या स्कार्लेट फीव्हरने गेली. एकुलते एक मूल गेल्यावरही साल्टर दांपत्याने वस्ती सोडली नाही. एडा १९२२ साली बर्मंडसीची महापौर झाली. लंडनमधली ती पहिली स्त्री महापौर. तिने त्या कळकट गल्ल्यांमध्ये हजारो झाडे लावली. डॉक्टर पार्लमेंटात गेले, आणि क्षयरोग्यांसाठी सूर्यकिरणोपचाराची सोय त्या गरीब वस्तीत उभी राहिली.

अशा माणसाचा पुतळा किलोच्या भावाने विकला गेला असणार! चोर नीच आहेच, त्याबद्दल दुमत नाही. पण आमचा खरा सवाल पुढचा आहे. माणसाच्या आकाराचा पुतळा चोर घरात लपवून ठेवत नाही. त्याला गिऱ्हाईक लागते. वितळलेल्या किंवा तुकडे केलेल्या ब्राँझकडे पाहून ‘हे कोठून आणलेस?’ असे न विचारणारा, काट्यावर टाकून नोटा मोजून देणारा कोणीतरी लागतो. तो या गुन्ह्याचा बरोबरीचा भागीदार आहे. आणि त्याला वर्षानुवर्षे मोकळे रान देणारे सरकार तिसरे भागीदार आहे!

ब्रिटिश सरकारला हे ठाऊक नव्हते असे कोणी म्हणू नये. २००५ च्या डिसेंबरमध्ये शिल्पकार हेन्री मूर यांची दोन टनांहून जड ‘रिक्लायनिंग फिगर’ हर्टफर्डशरमधून क्रेनने उचलून नेली गेली. तीस लाख पौंडांचे ते शिल्प भंगारात फार तर दीड हजार पौंडांना गेले असावे, असा निष्कर्ष पुढे पोलिसांनीच काढला. चर्चच्या छतांचे शिसे गेले, रेल्वेच्या तारा गेल्या, युद्धात पडलेल्या जवानांची नावे कोरलेले पत्रे स्मारकांवरून उचकटले गेले. तरीही भंगाराच्या धंद्यातला रोखीचा व्यवहार बंद व्हायला डिसेंबर २०१२ उजाडावा लागला, आणि परवान्याची व ओळख पटवण्याची सक्ती करणारा कायदा अमलात आला तो २०१३ मध्ये. नुसत्या रोखबंदीलाच मूर यांच्या शिल्पाच्या चोरीनंतर सात वर्षे लागली! ही सात वर्षे झोपलेल्यांच्या माथी साल्टर यांच्या पुतळ्याचे पाप आहे.

याहून संतापजनक वर्तन टॉवर हॅम्लेट्स या शेजारच्या नगरपालिकेचे. मूर यांनी १९६२ साली आपली ‘ड्रेप्ड सीटेड वुमन’ ही मूर्ती कमी किमतीत लंडनच्या प्रशासनाला दिली ती ईस्ट एंडच्या कष्टकऱ्यांच्या वस्तीत उभी राहावी म्हणून. लोकांनी तिला ‘ओल्ड फ्लो’ म्हणून आपलेसे केले. २०१२ मध्ये ही पालिका ती लिलावात काढायला निघाली, आणि कारणे काय दिली? पैशांची चणचण, विम्याचा खर्च, चोरीचे भय! चोर येईल म्हणून घरमालकाने स्वतःच दागिना बाजारात न्यावा, तसा हा प्रकार. विश्वस्ताने ठेव विकायची नसते. लोक भांडले, मालकीचा वाद न्यायालयात गेला, सत्ता बदलली, तेव्हा कोठे २०१७ साली, आधीच लंडनबाहेर हलवलेली ओल्ड फ्लो पूर्व लंडनला परत आली. तिला बसवले ते कॅनरी वॉर्फच्या बँकांच्या मनोऱ्यांमध्ये. ज्यांच्यासाठी दिली त्यांच्या अंगणात ती तेव्हाही पोहोचली नाही, हे आम्ही विसरणार नाही.

बर्मंडसीच्या लोकांनी मात्र सगळ्यांना धडा दिला. त्यांनी साठ हजार पौंड वर्गणी गोळा केली, तेव्हा बर्मंडसी जिच्या हद्दीत येते त्या सदर्क नगरपालिकेने तेवढीच भर घातली. त्याच शिल्पकर्तीने पुतळा पुन्हा घडवला, आणि ३० नोव्हेंबर २०१४ रोजी डॉक्टर त्याच जागी येऊन बसले. या वेळी हातात फावडे घेतलेली एडाही शेजारी उभी राहिली, जी पहिल्यापासूनच तिथे असायला हवी होती. ‘एवढ्या पैशात दवाखाना झाला असता’ असे म्हणणारे तेव्हाही असतील, आजही आहेत. त्यांना आमचे रोखठोक उत्तर : ज्या माणसाने दवाखान्यांसाठी जन्म घालवला त्याची आठवण पुसून कोणताही दवाखाना उभा राहत नाही. चोरीला गेलेले सार्वजनिक शिल्प परत उभारणे हे पालिकेचे देणे आहे. त्यासाठी जनतेला झोळी घेऊन फिरावे लागले, ही त्या पालिकेला लाज आणणारी गोष्ट आहे.

आणि उभारायचे तर तेच, तिथेच. लंडनच्याच डलिच पार्कमधून बार्बरा हेपवर्थ यांचे ब्राँझ शिल्प त्याच २०११ च्या डिसेंबरात कापून नेले. विम्याच्या पैशांतून २०१५ मध्ये तिथे कॉनराड शॉक्रॉस यांची ओतीव लोखंडाची शिल्पे आली. शिल्पे चांगली आहेत, मुले त्यांवर चढतात. पण लोखंडाला भंगारात फारसा भाव नाही हा विचार शिल्पाचा धातू ठरवताना आला, म्हणजे अखेर निवड चोराचीच झाली! बागेत काय उभे राहावे हे चोराने ठरवायचे नाही.

आमच्याकडे मॅनहोलची झाकणे चोरीला जातात तीही असल्याच काट्यावर चढतात. तेव्हा वाचकहो, लंडनची गोष्ट म्हणून हे बाजूला ठेवू नका. आपल्या गावच्या पालिकेत जा. चौकातल्या प्रत्येक पुतळ्याची, बागेतल्या प्रत्येक शिल्पाची नोंदवही मागा. त्यात धातू, वजन, छायाचित्र, शिल्पकाराचे नाव आहे का ते पाहा. साचा कोठे ठेवला आहे ते विचारा. शहरातल्या भंगारवाल्यांचे परवाने शेवटचे कधी तपासले तेही विचारा. उत्तर लेखी मिळेपर्यंत त्या टेबलासमोरून हलू नका.