भाडेकरू तुमचा हप्ता भरत नाही

पुण्याच्या आयटीत सध्या एक सल्ला फुकट वाटला जातोय. "जुना फ्लॅट विकू नकोस. त्यावर टॉप-अप लोन काढ, त्या पैशांत नव्या फ्लॅटचं डाउन पेमेंट कर आणि जुना भाड्याने दे. त्याचा हप्ता भाडेकरूच भरेल." कँटीनमध्ये हेच, रील्समध्ये हेच, बिल्डरच्या सेल्स ऑफिसात तर कॉफीसोबत हेच. माझं म्हणणं एवढंच आहे की यातलं शेवटचं वाक्य खोटं आहे आणि बाकीचा सगळा सल्ला त्याच वाक्यावर उभा आहे.

आकडे मांडू. वाकडमधला टू बीएचके धरा, आजची किंमत ९० लाख, बाकी कर्ज ३० लाख. नवा फ्लॅट एक कोटीचा. बँक त्यावर ७५ लाख देते. उरलेले २५ लाख, ७ टक्के मुद्रांक शुल्काचे ७ लाख आणि नोंदणीचे ३० हजार तुमचे तुम्ही उभे करायचे. म्हणून जुन्या फ्लॅटवर ३२ लाखांचा टॉप-अप. वरचे ३० हजार तेवढे खिशातून. व्याजदर सोयीसाठी सगळीकडे साडेआठ टक्के आणि मुदत २० वर्षं धरू.

जुन्या ३० लाखांचा हप्ता साधारण २६ हजार. भाडं येतं २५ हजार. इथेच डोळे चमकतात, कारण ताळेबंद जुळल्यासारखा वाटतो. पण टॉप-अपचा पावणेअठ्ठावीस हजारांचा हप्ता? तो कुणी या रकान्यात लिहीतच नाही. नव्या फ्लॅटचे ६५ हजार वेगळेच. एकूण हप्ता जवळपास १ लाख १९ हजार. भाड्यातून सोसायटीचा मेंटेनन्स, मालमत्ता कर, दोन भाडेकरूंमधला रिकामा महिना, दलाली आणि रंगकाम वजा केलं की हातात महिन्याला २० हजार राहिले तरी नशीब. म्हणजे खिशातून दरमहा ९९ हजार.

आता दुसरा रस्ता बघा. जुना फ्लॅट विका. कर्ज फेडून ६० लाख हाती येतात. विक्रीतला नफा ठरलेल्या मुदतीत दुसऱ्या घरात घातला तर दीर्घकालीन भांडवली नफ्यावरच्या करात सूट मिळते. नव्या घरासाठी मग साधारण ४७ लाखांचंच कर्ज लागतं. हप्ता ४१ हजार.

फरक दरमहा ५८ हजार. जुना फ्लॅट 'ठेवून देण्याची' ही किंमत आहे. यातला काही भाग मुद्दलात जातो, हे मान्य. म्हणून हिशेब आणखी स्वच्छ करू. पहिल्या रस्त्यावर तुमच्या डोक्यावर १ कोटी ३७ लाख कर्ज आहे, दुसऱ्यावर ४७ लाख. फरक ९० लाख. आणि फ्लॅटची किंमत किती? ९० लाख. म्हणजे न विकण्याचा निर्णय हा खरं तर खरेदीचाच निर्णय आहे. तुम्ही तुमचाच जुना, दहा वर्षं वापरलेला फ्लॅट आजच्या भावाने, शंभर टक्के कर्ज काढून पुन्हा विकत घेताय. कुणी अनोळखी माणसाने हा व्यवहार समोर ठेवला असता तर तुम्ही त्याला चहासुद्धा पाजला नसता.

या ९० लाखांवर वर्षाचं व्याज ७ लाख ६५ हजार, खर्च जाऊन भाडं २ लाख ४० हजार. तूट सव्वापाच लाख. ही तूट भरून निघायलाच फ्लॅटची किंमत दरवर्षी पावणेसहा टक्क्यांहून जास्त वाढायला हवी, तीसुद्धा नफा शून्य धरून. व्याजदर साडेसात धरलात तरी पावणेपाचच्या वर. "किमती वाढतातच" म्हणणाऱ्यांनी २०१४ ते २०२० हा काळ आठवावा. पुण्याच्या कित्येक भागांत तेव्हा किमती जवळजवळ जागच्या जागी होत्या. हप्ते मात्र दर महिन्याला कापले जात होते.

"पण टॅक्स वाचतो ना!" जुन्या करप्रणालीत घराच्या उत्पन्नातला तोटा पगारातून वजा करता येतो, पण वर्षाला २ लाखांपर्यंतच. नव्या प्रणालीत तो पगारातून वजा होतच नाही. टॅक्ससाठी तोटा करणं म्हणजे भिजू नये म्हणून विहिरीत उडी मारणं.

आपल्या भाषेत बोलायचं तर यात 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' आहे. तुमचा पगार हिंजवडीवर, तुमच्या भाडेकरूचा पगार हिंजवडीवर, फ्लॅटची किंमतही हिंजवडीवर. २०२० मध्ये वर्क फ्रॉम होम सुरू झालं आणि पोरं गावी गेली, तेव्हा या भागातले फ्लॅट एकदम रिकामे पडले. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने १२ हजारांहून अधिक लोक कमी करण्याचं जाहीर केलं. असा दिवस आला की पगार, भाडं आणि गिऱ्हाईक ही तिन्ही एकाच वेळी जातात. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए होतं. मग सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस, आणि त्यानंतर बँक तारण ताब्यात घेऊ शकते. एक घर अर्ध्याहून जास्त फिटलं होतं, ते दुसऱ्याच्या डाउन पेमेंटसाठी पुन्हा गळ्याएवढं बुडवलं. सातबारा कोरा व्हावा म्हणून आपल्या आज्या-आजोबांनी जन्म काढला. आपण तो कोरा व्हायच्या आत पुन्हा भरतो आणि त्याला 'पॅसिव्ह इन्कम' म्हणतो.

आता दाराच्या पलीकडून. मी भाडेकरू आहे. २०२३ मध्ये करार नव्याने करताना घरमालक म्हणाले, "व्याजदर वाढलेत, मलाही परवडायला हवं." खरंच वाढले होते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो दर चारवरून साडेसहावर गेला होता. भाडं वाढलं. २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जूनदरम्यान तोच दर एक टक्क्याने उतरला. भाडं उतरलं नाही. तेव्हा कळलं की 'हप्ता भाडेकरू भरेल' हा सल्ला ऐकणाऱ्याला जसा अडकवतो, तसा तो माझ्या दारात येऊन माझ्याकडेही हात पसरतो. आणि मी पहिलं घर बघायला जातो, तेव्हा माझ्यासमोर बोली लावायला कोण असतं? टॉप-अपचा चेक घेऊन आलेला, एक घर आधीच असलेला माणूस. २०११ च्या जनगणनेत शहरी भारतात एक कोटीहून जास्त घरं रिकामी होती. घर ही राहायची जागा न राहता एक्सेलमधली ओळ झाली की असंच होतं.

अपवाद आहेत. दोन-चार वर्षांसाठी बदली झाली आणि परत यायचंय, ठेवा. आई-वडील उद्या तिथे राहणार आहेत, ठेवा. कर्ज जवळजवळ फिटलंय आणि सगळे हप्ते वर्षभर भरता येतील एवढी रोकड बाजूला आहे, तर जोखीम तुमची, मर्जी तुमची. पण मग स्वतःला सांगा की हा सट्टा आहे, जमिनीच्या भावावर कर्ज काढून लावलेला.

सल्ला देणारा पुन्हा भेटला की त्याला एकच विचारा: "आज माझ्याकडे हा फ्लॅट नसता, तर ९० लाखांचं कर्ज काढून, २५ हजार भाड्यासाठी, तू मला तो घ्यायला सांगितला असतास का?" तो हो म्हणाला, तर त्याच्या हातात कागद द्या आणि म्हणा, जामीनदार म्हणून सही कर.