अंधूक अक्षरे: डोळे तपासावेत की केबल?

संगणकाच्या पडद्यावरील अक्षरे अंधूक दिसू लागली की वयस्कर माणूस प्रथम आपल्या डोळ्यांना दोष देतो, आणि घरची मंडळीही तोच निष्कर्ष काढून मोकळी होतात. चौक गावातील एका आजोबांची तक्रार मात्र काहीशी निराळी होती. वर्तमानपत्र स्वच्छ वाचता येत होते, चष्म्याचा नंबर नुकताच तपासलेला होता; केवळ संगणकावर प्रत्येक अक्षराशेजारी फिकट सावली दिसे. मॉनिटरला निळ्या तोंडाची, दोन स्क्रूंनी आवळण्याची केबल जोडलेली होती.

ही व्हीजीए केबल. आयबीएम कंपनीने 1987 साली ही पद्धत आणली, ती त्या काळच्या अवजड काचनळीच्या मॉनिटरांसाठी. तिच्यातून चित्र विजेच्या कमीअधिक दाबाच्या रूपाने जाते. आजचा सपाट पडदा ठरावीक ठिपक्यांचा असतो; 1920 गुणिले 1080 म्हणजे वीस लाखांहून अधिक. संगणक आकड्यांचे विजेच्या दाबात रूपांतर करतो आणि मॉनिटर त्या दाबाचे पुन्हा आकडे करतो. या दुहेरी भाषांतरात किंचित वेळ चुकली की शेजारचे ठिपके एकमेकांत मिसळतात. केबल लांब वा हलक्या प्रतीची असल्यास सावलीही उमटते. एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट किंवा डीव्हीआय-डी यांतून आकडे आकडे म्हणूनच जातात. तेथे बिघाड झाला तर चित्र लुकलुकते किंवा नाहीसे होते. अक्षराला सावली येत नाही.

तरीही लगेच बाजार गाठू नये. मजकुराने भरलेले पान उघडून मॉनिटरवरील ‘ऑटो’ बटण दाबावे, स्क्रू आवळावेत. समुद्रकाठच्या गावात, जेथे खिळाही लवकर गंजतो, तेथे केबलच्या पिनांकडेही एकदा पाहावे. अक्षरे मोठी दिसावीत म्हणून पुष्कळ घरांत रिझोल्यूशन कमी केलेले आढळते. तसे केल्यास डिजिटल केबलवरही अक्षरे धूसर होतात. रिझोल्यूशन मॉनिटरच्या मूळ आकड्यावर ठेवून अक्षरांचा आकार 125 किंवा 150 टक्के करावा.

केबल बदलायचीच असेल तर संगणक व मॉनिटर या दोहोंच्या मागची भोके आधी पाहावीत. संगणकाला केवळ व्हीजीए असेल तर साधी जोडकेबल चालत नाही, कन्व्हर्टर लागतो. आणि त्याने स्पष्टता फारशी सुधारत नाही, कारण पहिले भाषांतर आधीच झालेले असते. आणखी एक गंमत: एचडीएमआयमधून आवाजही जातो. नवी केबल जोडताच संगणक कधीकधी आवाज स्पीकर नसलेल्या मॉनिटरकडे धाडतो. मग परदेशातील मुलाचा चेहरा दिसतो, बोलणे ऐकू येत नाही, आणि आजोबांच्या कानांविषयी चर्चा सुरू होते! आवाजाच्या सेटिंगमध्ये जुना स्पीकर निवडावा.

आता डोळ्यांविषयी. वाचनाचा चष्मा साधारण 40 सेंटिमीटरसाठी असतो, मॉनिटर हातभर लांब. म्हणून पडद्याइतक्याच अंतरावर छापील दिनदर्शिका धरून आळीपाळीने एकेक डोळा झाकून वाचावे. छापील अक्षरेही अंधूक दिसली तर केबलचा विचार सोडून नेत्रतपासणी करावी. चष्म्याचे अंतर, मोतीबिंदू, मधुमेहाचा परिणाम, काहीही निघू शकते. एका डोळ्याची दृष्टी अचानक मंदावली, विजा चमकल्यासारख्या दिसल्या किंवा नजरेवर पडदा सरकू लागला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे.