हात दाखवला, गाडी थांबली नाही

हेल्मेट न घालणे हा दंडाचा अपराध आहे. ७ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूत तिरुचिरापल्लीजवळ तपासणीसाठी न थांबलेल्या एका दांपत्याचा पोलीस निरीक्षकाने पाठलाग केला आणि त्यांच्या दुचाकीला लाथ मारली. मागे बसलेली पत्नी रस्त्यावर पडून मरण पावली. त्याच वर्षी सप्टेंबरअखेरीस लखनौच्या गोमतीनगरात मध्यरात्रीनंतर मोटार थांबली नाही म्हणून शिपायाने गोळी झाडली. गाडी चालवणारा दगावला. दोन्ही ठिकाणी संबंधितांना अटक झाली आणि 'एका व्यक्तीचा दोष' एवढ्यावर यंत्रणेने समाधान मानले.

मला ते मान्य नाही. गाडी निसटता कामा नये, ही एकच गोष्ट शिपायाच्या मनावर बिंबवली जाते. का निसटू नये? तिच्यावर क्रमांकाची पाटी असते आणि चलन घरी पाठवता येते. इशारा धुडकावणे हाही अपराधच, पण त्याची शिक्षा पावतीवर मावते.

पळणारा अट्टल गुन्हेगार असला तर, असे वरिष्ठ सहकारी विचारतात. असू शकेल, पण हात दाखवणाऱ्या शिपायाला ते ठाऊक नसते. शिवाय ज्याच्यावर मृत्युदंडाच्या वा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याला अटक करताना ठार मारण्याचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४३ देत नाही. जुन्या संहितेचे कलम ४६ ही देत नव्हते.

पोलिसांचा जीवही स्वस्त नाही. जुलै २०२२ मध्ये हरियाणातील नूह जिल्ह्यात अवैध खाणीचा डंपर अडवताना एक पोलीस उपअधीक्षक चिरडले गेले. म्हणूनच वाहनासमोर उभे राहण्याची, किल्ली हिसकावण्याची 'मर्दुमकी' बंद व्हावी. अडथळे दुरून दिसावेत, प्रकाश असावा, शिपायाने बाजूला उभे राहावे, आणि पहिले वाक्य कारण सांगणारे असावे, अरे-तुरेचे नव्हे.

हे पहिले वाक्य आपल्यासारख्या परप्रांतात राहणाऱ्यांना अधिक महत्त्वाचे. 'एमएच' पाटीची गाडी कन्नड वा तेलुगू मुलखात अडवली जाते; प्रश्न समजून घेण्यात चार क्षण जातात. तेवढ्यात तो विलंब उद्दामपणा ठरतो आणि काठी काचेवर आपटते. (हिंदी सर्वत्र चालते, हा दिल्लीतला गोड गैरसमज.)

वाहतुकीच्या मासिक आढाव्यांना मी वर्षानुवर्षे बसलो आहे. चलने किती, वसुली किती, जप्त वाहने किती, हे रकाने पाठ झाले. तपासणीत माणसे किती जखमी झाली, हा रकाना अद्याप एकाही तक्त्यात पाहिलेला नाही.