विशेषणांचे वंगण

मराठी पुस्तक-परीक्षणांत 'ओघवती शैली' हा शब्दप्रयोग ज्या बेफिकिरीने वापरला जातो, त्या बेफिकिरीचे चुलत भावंड मला अलीकडे अगदी अनपेक्षित ठिकाणी भेटले: यांत्रिक कळफलकांच्या वंगणाविषयीच्या चर्चेत. प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच असलेले हे कळफलक आता दिवसभर टंकणाऱ्या लेखक-अनुवादकांच्या टेबलांवरही दिसू लागले आहेत. त्यांचे स्विच उघडायचे, बारीक कुंचल्याने आत वंगण लावायचे आणि पुन्हा जोडायचे, हा एक गंभीर छंद आहे. आणि या वंगणाची निवड कोणत्या भाषेत होते? 'लोण्यासारखे', 'मलईदार', 'थॉक' असा खोल आवाज देणारे! माझे म्हणणे असे की ही निवडीची भाषाच नव्हे, निवड टाळण्याची भाषा आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ती चटकन ओळखायला हवी, कारण ती आपल्याच घरातली आहे.

आधी वस्तूकडे पाहू. आजचे बहुतेक यांत्रिक स्विच जर्मनीतील चेरी कंपनीने १९८०च्या दशकात आणलेल्या 'एमएक्स' या रचनेचे वंशज आहेत. प्लास्टिकचे दोन भागांचे कवच, त्यात वरखाली सरकणारा दांडा, दांड्याखाली स्प्रिंग आणि बाजूला विद्युतसंपर्क साधणारी धातूची पात. म्हणजे घर्षण एका ठिकाणी होत नाही आणि एका जातीचेही नसते. दांडा कवचावर घासतो ते प्लास्टिकवर प्लास्टिक. स्प्रिंग कुरकुरते ती धातूची. स्पेसबारसारख्या लांब कळीखालची तार खडखडते, ते दुखणे पुन्हा वेगळेच.

छंदिष्टांचे लाडके वंगण म्हणजे 'क्रायटॉक्स जीपीएल २०५, ग्रेड ०'. या आकड्यांना अर्थ आहे. १०५ हे फ्लोरिनयुक्त कृत्रिम तेल. त्याच तेलात टेफ्लॉनच्या जातीची पूड मिसळून केलेले ग्रीस म्हणजे २०५. आणि 'ग्रेड' म्हणजे त्या ग्रीसचा घट्टपणा. सरळ खाली जाणाऱ्या स्विचच्या दांड्याला २०५चा पातळ हात शोभतो. स्प्रिंगला पातळ १०५ पुरते. मधल्या टप्प्यावर बोटाला उंचवटा जाणवून देणाऱ्या स्विचला मात्र 'ट्रायबोसिस ३२०३'सारखे हलके ग्रीस घ्यावे लागते, आणि तेही दांड्याचे दोन पाय कोरडे सोडून. कारण हे पाय पातीवर घासतात तिथेच तो उंचवटा जन्माला येतो. 'टिक' असा आवाज करण्यासाठीच बनवलेल्या स्विचच्या आत ग्रीस घालणे म्हणजे त्याचा गळा आवळणे. स्पेसबारच्या तारेला घट्ट सिलिकोन ग्रीस चालते. डब्ल्यूडी-४० प्रामुख्याने द्रावक असल्यामुळे या कामी निरुपयोगी, आणि पेट्रोलियम जेली काही प्लास्टिकांना व रबराला बाधते. तेव्हा 'सर्वांत चांगले वंगण कोणते?' हा प्रश्नच चुकीचा आहे. विचारायचे ते असे: काय घासते आहे, आणि त्यातले काय घासत राहायला हवे?

हा दुसरा प्रश्न मला एका टंकलेखन संस्थेत यंत्रे दुरुस्त करायला येणाऱ्या काकांनी शिकवला. यंत्राचा गाडा ज्या पट्टीवर सरकतो तिथे ते तेलाचा एकच थेंब सोडत. पण अक्षरांचे दांडे ज्या अर्धवर्तुळाकार खाचांत बसतात, तिथे नुसता पेट्रोलात बुडवलेला ब्रश फिरवत. मी एकदा तेलाची बुधली पुढे केली, तेव्हा म्हणाले, "तिथं नको. तेल धूळ धरतं, मग अक्षर अडकतं." कुठे तेल घालू नये हे ठाऊक असणे, हे त्यांच्या कौशल्याचे निम्मे अंग होते.

आता आपल्या घरात या. अनुवाद 'ओघवता' झाला आहे म्हणताना परीक्षक नेमके काय सांगतो? वाचताना अडखळायला झाले नाही, एवढेच. मूळ लेखकाने कुठे अडखळवले होते, बोलीचा कोणता खटका, वाक्याची कोणती मुद्दाम ठेवलेली गाठ अनुवादकाने ग्रीस लावून बुजवली, याचा पत्ता त्या शब्दातून लागत नाही. बोलीतले आत्मकथन 'वाचनीय' करण्यासाठी त्याच्या क्रियापदांना प्रमाणभाषेचा हात फिरवणारा संपादक आणि उंचवट्याच्या स्विचचे पाय २०५मध्ये बुडवून 'काय मलईदार झाला!' म्हणणारा छंदिष्ट, दोघेही एकच करतात. बोटाला काहीतरी सांगणारी जागा ते गप्प करतात आणि त्या गप्पपणाला गुण म्हणतात.

यावर प्रतिवाद होईल की स्पर्श आणि नाद हे अनुभव आहेत, ते विशेषणांवाचून सांगायचे कसे? मान्य. छंदिष्टांपाशी अस्सल हस्तज्ञान आहे, हेही मान्य. 'कमीच लावा' हा सल्ला त्यांच्याकडूनच मिळतो. माझी तक्रार विशेषणाशी नाही, विशेषणापाशी चौकशी थांबते याच्याशी आहे. एक स्विच कोरडा ठेवावा, दुसऱ्याला फक्त दांड्यावर, तिसऱ्याला फक्त स्प्रिंगला वंगण लावावे, आणि मग शेजारीशेजारी दाबून पाहावे. त्यानंतर उच्चारलेले विशेषण हे निरीक्षण असते; त्याआधीचे केवळ ऐकीव.

आणि चौकशी थांबली की आणखी एक गोष्ट अदृश्य होते: पदार्थाचे कूळ. हे ग्रीस प्लास्टिकला बाधत नाही, वर्षानुवर्षे बिघडत नाही, कारण त्यातला कार्बन-फ्लोरिन बंध तुटता तुटत नाही. ज्यांना आज 'चिरंतन रसायने' म्हणतात त्या पीएफएएस कुळातलेच हे पदार्थ. टेफ्लॉनच्या उत्पादनात पूर्वी वापरले जाणारे पीएफओए हे रसायन २०१९मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत गेले, आणि २०२३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसात कर्करोग घडवणारे ठरवले. अमेरिकेतील पार्कर्सबर्गच्या कारखान्यातून ते पाण्यात गेल्याबद्दलचे सुमारे साडेतीन हजार दावे २०१७मध्ये ६७ कोटी डॉलरांना मिटवले गेले. इटलीत विचेंझाजवळच्या मितेनी कारखान्याने याच कुळातल्या रसायनांनी भूजल नासवले. जून २०२५मध्ये तिथल्या न्यायालयाने अकरा जणांना मिळून १४१ वर्षांच्या शिक्षा सुनावल्या. त्या दिवाळखोर कारखान्याची यंत्रसामग्री कुठे आली? आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात, लोटे परशुरामला.

कळफलकाचे ग्रीस लोट्याला बनते असे मी म्हणत नाही. एका कळफलकाला लागणारे ग्रॅमभर ग्रीस नदी नासवते असेही नाही. घट्ट बांधलेल्या रेणूंचे हे ग्रीस आणि पीएफओए एकसारखे घातकही नाहीत. पण 'मलईदार' या शब्दात यातले काहीच मावत नाही, हे विसरता कामा नये. फ्लोरिनविरहित सिलिकोन आणि कृत्रिम हायड्रोकार्बन ग्रीसेही मिळतात. ती आपल्या स्विचच्या प्लास्टिकला मानवतात का, हे एखाद्या फुटकळ स्विचवर पाहता येते. बरेच स्विच तर आता कारखान्यातूनच वंगण लावून येतात. तिथे सर्वांत शहाणी निवड म्हणजे काहीच न लावणे.

साहित्याच्या वर्गात आपण विद्यार्थ्याला कृतीचा आस्वाद घ्यायला शिकवतो, ते योग्यच आहे. पण कृती कशाची बनली आहे, तिच्यात काय कशावर घासते, ती घडण्याची किंमत कुणी कुठे मोजली, हे प्रश्न आस्वादाच्या नावाखाली वर्गाबाहेर ठेवले जातात. त्यातून बाहेर पडणारा विद्यार्थी पुस्तकाला 'ओघवते' म्हणतो आणि कळफलकाला 'मलईदार', आणि दोन्ही वेळा आपण मत दिले अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. त्याला ही समजूत आपणच दिलेली आहे.