भोवरा आणि सरासरी

मी अजून समुद्र पाहिलेला नाही. घरात पहिल्यानेच कॉलेजची पायरी चढलेल्या, कला शाखेच्या दुसऱ्या वर्षातील बीड जिल्ह्याच्या मुलाने समुद्रातील भोवऱ्यांवर लिहावे, याला मित्र हसतील. हसोत बापडे! भोवरा मला ठाऊक आहे. गोदावरीला पूर आला की आजी आम्हाला काठावरून मागे ओढी, ती त्याच्याच भीतीने.

समुद्रातले भोवरे मात्र १००-१०० किलोमीटर रुंद असतात आणि कित्येक आठवडे, कधी महिनोन्‌महिने फिरत राहतात. सोमालियाच्या किनाऱ्यालगत दर पावसाळ्यात उठणारा 'ग्रेट व्हर्ल' तर त्याहूनही मोठा. आपल्या बाजूच्या गोलार्धात घड्याळाच्या उलट फिरणारा भोवरा सहसा खोलातले थंड पाणी वर आणतो. त्यात कार्बन डायऑक्साइड मुबलक विरघळलेला असतो. तो हवेत निसटू लागतो. पण त्याच पाण्याबरोबर पोषक क्षारही वर येतात, त्यांवर सूक्ष्म पाणवनस्पती माजतात आणि तोच वायू खाऊन टाकतात. उलट दिशेचा भोवरा वरचे पाणी खाली दाबतो. म्हणजे समुद्र हवेला वायू देतो की तिच्याकडून घेतो, हे जागेजागेवर आणि ऋतूवर ठरते.

माणसाने सोडलेल्या या वायूपैकी सुमारे पाव हिस्सा समुद्र पोटात घेतात, असे आपण वाचतो आणि निश्चिंत होतो. ही झाली साऱ्या जगाची सरासरी. आपला अरबी समुद्र एकंदरीत घेतो त्याहून अधिक हवेत सोडतो, कारण नैऋत्येचे मोसमी वारे तिथले खोल पाणी वर उपसतात. आपल्याकडे पाऊस आणणारे वारे तेच!

सरासरीवर माझा राग आहे. एका वर्षी आमच्या शिवारात पीक करपले. पण मंडळाच्या ठिकाणी पर्जन्यमापकात पाणी पडले होते. कागदावर पाऊस झाला. त्या दिवाळीनंतर आईवडील कोयता घेऊन ऊसतोडीला गेले, मी आजीजवळ राहिलो.

समुद्राच्या हिशोबातही नकाशाचे चौकोन मोठे घेतले की भोवरा बुजून जातो. १९९२ पासून उपग्रह समुद्राच्या पाठीचे चढउतार बारकाईने मोजत आले आहेत. २०१३ मध्ये भारताने फ्रान्सबरोबर 'सरल' हा उपग्रह याच कामासाठी सोडला. त्यातून भोवरा दिसतो. पण त्याच्या पोटात वायू किती, हे पाण्यात उपकरण उतरवूनच कळते. गोव्यात दोनापावल येथे १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. अशा मोजणीवर सरकारने हात आखडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कोणी म्हणेल, आधी टँकरचे बघा. टँकरच्या रांगेत मीही उभा राहिलो आहे. म्हणूनच हे लिहितो.

वेरूळ आम्ही शाळेपासून तीनदा पाहिले. यंदाची सहल दोनापावलला न्यावी, अशी प्राध्यापकवर्गाला नम्र विनंती.